सुतावरून आकार : प्रकाशतंतूंनी होणारे रचनांचे आकारमापन

गवंड्याच्या थैलीत तीन साधने हमखास सापडतात : ओळंबा, पाणसळ आणि सूत. ओळंब्याने भिंत उभी सरळ आहे की नाही ते कळते, पाणसळीने थर समपातळीत आहे की नाही ते कळते, आणि दोन खिळ्यांच्या दरम्यान ताणलेल्या सुताने विटांची ओळ एका रेषेत बसली आहे की नाही ते कळते. या तिन्ही साधनांचे तत्त्व एकच आहे. एक निर्दोष सरळ रेषा किंवा सपाटी प्रथम निर्माण करावयाची, आणि तिच्याशी रचना ताडून दोहोंतील अंतर डोळ्यांनी पाहावयाचे. ‘सुतार’ या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘सूत्र’ या शब्दाशी जोडला जातो, ती याच परंपरेची खूण होय.

गेल्या काही दशकांत अभियांत्रिकीमध्ये एक निराळ्याच प्रकारचे सूत आले आहे. ते काचेचे असते, केसाएवढे बारीक असते, आणि त्याचा उपयोग नेमका उलट्या रीतीने केला जातो. गवंड्याचे सूत ताठ असेल तोवरच उपयोगी. ते वाकले की निकामी झाले. काचेचे सूत मात्र रचनेला चिकटवून टाकतात व रचना वाकेल तसे त्याला वाकू देतात. आपण कोठे आणि किती ताणले गेलो हे ते प्रकाशाच्या द्वारे सांगते, आणि त्या सांगण्यावरून संपूर्ण रचनेचा आकार गणिताने उभा केला जातो.

‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ हा वाक्प्रचार आपण अपुऱ्या पुराव्यावरून मोठे अनुमान काढणाऱ्या माणसाविषयी उपहासाने वापरतो. एका बारीक तंतूवरून विमानाच्या पंखाचा आकार सांगणे हे वरवर पाहता तशाच प्रकारचे धाडस वाटेल. ते धाडस ठरत नाही याचे कारण एवढेच, की या अनुमानाची प्रत्येक पायरी तपासता येते. त्या पायऱ्या कोणत्या, आणि त्यांपैकी कोणत्या पायरीवर पाय घसरण्याचा संभव असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. आकार बाहेरून का मोजता येत नाही

उभ्या इमारतीचा वा पुलाचा आकार बाहेरून मोजण्याची साधने जुनी आहेत व चांगलीही आहेत. थिओडोलाइट, लेव्हल, छायाचित्रे, आणि अलीकडील लेसरची यंत्रे यांनी मिलिमीटरपर्यंतची अचूकता साधता येते. परंतु या सर्वांना दृष्टिरेषा लागते. निरीक्षक एका जागी स्थिर असला पाहिजे आणि मोजावयाची वस्तू त्याच्या समोर, आडपडदा न येता, दिसली पाहिजे. आकाशात उडणाऱ्या विमानाचा पंख, मातीने चहूकडून वेढलेले बोगद्याचे अस्तर, किंवा रोग्याच्या श्वसनमार्गात शिरलेली वैद्यकीय नळी यांच्या बाबतीत ही अट पुरी होत नाही. तेथे रचनेनेच स्वतःचा आकार सांगावा अशी व्यवस्था करावी लागते.

यासाठी विद्युत्रोधावर चालणारे विकृतिमापक १९३८ सालापासून उपलब्ध आहेत. कॅलिफोर्नियात सिमन्स यांनी व मॅसॅच्युसेट्समध्ये रूज यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढले. बारीक तार पृष्ठभागावर चिकटवावयाची; पृष्ठभाग ताणला की तार ताणली जाते आणि तिचा विद्युत्रोध बदलतो. साधन साधे आणि भरवशाचे आहे, व आजही सर्वत्र वापरात आहे. त्याची अडचण संख्येची आहे. प्रत्येक मापकाला स्वतःच्या स्वतंत्र तारा लागतात. दहा ठिकाणी मोजावयाचे असेल तर हे सहज निभते. दोन हजार ठिकाणी मोजावयाचे झाले तर तारांचे वजनच पंखाला जड होते. शिवाय यंत्रांच्या आसपासचे विद्युत्क्षेत्र या तारांत आपली खळबळ मिसळते. आकार काढण्यासाठी तर मोजमाप दाट हवे असते. ही गरज काचेच्या तंतूने भागवली.

२. ताण, विकृती आणि बाक

पुढील विवेचनाआधी काही शब्दांची फोड करणे अवश्य आहे, कारण व्यवहारातील मराठीत ‘ताण’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो. दोरीला आपण ताण देतो तेव्हा तो बल असतो. खांबावर ताण आला असे म्हणतो तेव्हा क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककावर आतून पडणारे बल अभिप्रेत असते. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘प्रतिबल’ म्हणतात. आणि रबर दुप्पट ताणले असे म्हणतो तेव्हा लांबीतील वाढीचे मूळ लांबीशी असलेले प्रमाण मनात असते. त्याला परिभाषेत ‘विकृती’ म्हणतात.

विकृती या शब्दाला बोलीत व्यंगाची छटा आहे आणि त्यामुळे तो प्रथमदर्शनी खटकतो. पण शास्त्रीय वापरात दोषाचा काही संबंध नाही. संगीतात कोमल ऋषभाला विकृत स्वर म्हणतात, त्यात जसा मूळ स्थानापासून ढळल्याचाच निर्देश असतो, तसाच तो येथे आहे. भार आला की प्रत्येक पदार्थ विकृत होतो, भार निघाला की बहुधा पूर्वस्थितीस येतो, आणि पोलादाचा पूलही वाहन येताच किंचित विकृत होऊन पुन्हा सावरतो. या विकृतीचे मान फार लहान असते. एक मीटर लांबीच्या सळईची लांबी एक मायक्रोमीटरने वाढली तर विकृती एक दशलक्षांश झाली. अभियंत्यांचा नित्याचा व्यवहार या दशलक्षांशांतच चालतो.

प्रकाशतंतू जी एकमेव गोष्ट जाणतो ती ही विकृती. उष्णतेचा अपवाद पुढे येईल. त्याला बल कळत नाही, प्रतिबल कळत नाही, आणि आकारही कळत नाही. ‘आकार जाणणारा तंतू’ हे वर्णन त्यामुळे सोयीचे असले तरी अक्षरशः खरे नाही. तंतू विकृती सांगतो. तिच्यावरून ‘बाक’ काढला जातो, बाकावरून ‘कल’, आणि कलावरून ‘आकार’.

३. काचेचा तंतू आणि त्यातील जालक

प्रकाश काचेच्या धाग्यातून वाहून नेण्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळत जातो हे कोलाडों यांनी जिनिव्हात १८४१ च्या सुमारास व टिंडल यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखवले. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील हॉपकिन्स व मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेल्याचे प्रसिद्ध केले. १९६६ साली चार्ल्स काव यांनी सहकारी हॉकहॅम यांच्यासह असे प्रतिपादन केले, की प्रकाश वाटेत नाहीसा होतो तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे तर तिच्यातील अशुद्धीमुळे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पुरेशी शुद्ध काच करून ते सिद्ध केले. काव यांना या कार्याबद्दल २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज प्रचारात असलेल्या तंतूचा बाह्य व्यास १२५ मायक्रोमीटर असतो. त्याच्या मध्यभागी ८ ते १० मायक्रोमीटर व्यासाचा गाभा असतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियमचे ऑक्साइड मिसळून तिचा अपवर्तनांक भोवतालच्या वेष्टनापेक्षा किंचित अधिक केलेला असतो, व त्यामुळे प्रकाश गाभ्यातच कोंडला जातो. दूरध्वनी व संदेशवहन यांसाठी हे पुरेसे आहे. मापनासाठी आणखी एक गोष्ट हवी : तंतूच्या ठराविक ठिकाणांवर ओळखीची खूण हवी.

ही खूण सापडली ती अनपेक्षितपणे. १९७८ साली कॅनडातील ओटावा येथे केनेथ हिल व त्यांचे सहकारी अशा तंतूत लेसरचा तीव्र प्रकाश सोडत असताना त्यांना असे आढळले, की तंतू हळूहळू अधिकाधिक प्रकाश मागे परतवू लागला आहे. पुढे जाणारा प्रकाश व टोकावरून परतलेला प्रकाश यांच्या व्यतिकरणाने तंतूत उजेड व अंधार यांचे स्थिर पट्टे पडत होते, आणि जेथे उजेड तेथे काचेचा अपवर्तनांक कायमचा किंचित बदलत होता. गाभ्यात जणू प्रकाशानेच आडव्या रेघा ओढल्या होत्या. १९८९ साली मेल्ट्झ, मोरी व ग्लेन यांनी जंबुपार किरणांचे दोन झोत बाजूने पाडून हव्या त्या जागी व हव्या त्या अंतराने अशा रेघा उमटवण्याची रीत दिली, आणि मापनाचा मार्ग मोकळा झाला.

या रेघांच्या समुदायाला ब्रॅग जालक म्हणतात. स्फटिकातील अणूंच्या समांतर थरांवरून क्ष-किरण विशिष्ट कोनांतच का परततात याचा उलगडा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ साली केला होता. तोच नियम येथे लागू पडतो. प्रत्येक रेघेवरून प्रकाशाचा अत्यल्प अंश परत फिरतो. हे सर्व अंश एकमेकांशी जुळून आले तरच परावर्तन दिसते, आणि ते एकाच तरंगलांबीला जुळतात. ती तरंगलांबी म्हणजे रेघांमधील अंतर गुणिले अपवर्तनांक गुणिले दोन. अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि अंतर सुमारे ५३५ नॅनोमीटर असेल तर परतणारा प्रकाश १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. डोळ्यांना न दिसणारा हा अवरक्त प्रकाश काचेतून सर्वांत कमी हानीने जातो.

आता तंतू ताणला तर रेघा एकमेकींपासून दूर जातात आणि परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. एक दशलक्षांश विकृतीने ती १.५५ पिकोमीटरने वाढावी असे साध्या हिशेबाने वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे १.२ पिकोमीटरने वाढते. कारण ताणल्याने काचेचा अपवर्तनांकही किंचित घटतो, आणि वाढीचा सुमारे पाचवा हिस्सा तो खाऊन टाकतो. हे प्रमाण ठाऊक व स्थिर असल्याने त्याची अडचण होत नाही. मोजले जाते ती प्रकाशाची तीव्रता नव्हे, त्याची तरंगलांबी, ही या रीतीची मोठी जमेची बाजू होय. वाटेत कोठे जोड सैल असला, दिवा मंद झाला, तरी प्रकाश कमी होईल. त्याची तरंगलांबी बदलणार नाही.

एकाच तंतूवर अनेक जालके ओळीने उमटवता येतात. प्रत्येकाला निराळी तरंगलांबी दिली तर ती आपापल्या ‘रंगा’वरून ओळखू येतात, परंतु अशी काही डझनच मावतात. दुसऱ्या रीतीत सर्व जालके एकाच तरंगलांबीची पण अत्यंत क्षीण ठेवतात, लेसरची तरंगलांबी क्रमाने बदलत नेतात, आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणावरून तो किती अंतरावरून आला हे काढतात. यात एका तंतूवर शेकडो जालके बसतात. यापुढची पायरी १९९८ साली नासाच्या लँगली संशोधन केंद्रातील फ्रॉगट व मूर यांनी गाठली. त्यांनी जालकच वगळले. काच ओतून थंड होताना तिच्या घनतेत सूक्ष्म चढउतार गोठून राहतात, आणि त्यांवरून प्रकाशाचे रॅली प्रकीर्णन होते. हे चढउतार अनियमित असले तरी प्रत्येक तंतूत कायमचे असतात, बोटांच्या ठशांप्रमाणे. तो ठसा आधी नोंदवून ठेवला तर तंतू ताणल्यावर ठशाचा प्रत्येक तुकडा किती सरकला हे ताडून पाहता येते, आणि साधा तंतूही टोकापासून टोकापर्यंत मापक बनतो.

४. विकृतीपासून आकाराकडे

एक पट्टी घेऊन तिचे एक टोक भिंतीत घट्ट बसवले व दुसरे खाली दाबले, तर पट्टीची वरची बाजू ताणली जाते, खालची आखडते, आणि मधोमध एक थर असा राहतो की ज्याची लांबी बदलत नाही. या मधल्या थरापासून जितके दूर जावे तितकी विकृती अधिक. हा संबंध अगदी सरळ आहे : विकृतीला त्या अंतराने भागले की त्या ठिकाणची वक्रता, म्हणजेच बाक, मिळतो.

उदाहरण घेऊ. पट्टी १० मीटर लांब व १० सेंटीमीटर जाड आहे. तंतू वरच्या पृष्ठावर, म्हणजे मधल्या थरापासून ५ सेंटीमीटरवर आहे. त्याने सर्वत्र १०० दशलक्षांश विकृती दाखवली. तिला ०.०५ मीटरने भागता वक्रता दर मीटरला ०.००२ येते, म्हणजे पट्टी ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कंसासारखी वाकली आहे. भिंतीपाशी कल शून्य आहे हे ठाऊक आहे. तेथून पुढे प्रत्येक लहान तुकड्याचा बाक मिळवत गेले की पुढील ठिकाणचा कल मिळतो, आणि कल मिळवत गेले की पट्टी किती ढळली ते मिळते. गणिताच्या भाषेत वक्रतेचे दोनदा समाकलन करावयाचे. या उदाहरणात मोकळे टोक १० सेंटीमीटर खाली गेलेले निघते. विकृती डोळ्यांना न दिसणारी, दशलक्षांशांतली. आणि तिच्यातून निघालेला ढळ हातभर नसला तरी डोळ्यांना सहज दिसण्याएवढा खासच.

या गणितात एक गोष्ट आढळत नाही, ती लक्षात घेण्याजोगी आहे. पट्टी कशाची आहे, ती किती कणखर आहे, तिच्यावर किती भार आहे, यांपैकी काहीही विचारावे लागले नाही. केवळ भूमिती पुरली. एरवी अभियंता भारापासून सुरुवात करतो, पदार्थाचे गुणधर्म धरतो, आणि आकाराचे भाकीत करतो. भार चुकला की भाकीत चुकले. येथे भार अज्ञात असला तरी चालते.

पट्टी एकाच प्रतलात वाकते. नळी किंवा सुई कोणत्याही दिशेस वाकते, आणि शिवाय तिची एकूण लांबी भाराने वा उष्णतेने बदलू शकते. म्हणजे प्रत्येक ठिकाणी अज्ञात राशी तीन झाल्या : उभ्या प्रतलातील बाक, आडव्या प्रतलातील बाक, आणि सर्वत्र सारखी असलेली वाढ. तीन अज्ञातांसाठी किमान तीन मोजमापे लागतात. म्हणून तीन तंतू परस्परांशी १२० अंशांचा कोन करून नळीभोवती बसवतात. जागा फारच कमी असेल तेथे एकाच तंतूत अनेक गाभे असलेली काच ओढतात. अशा तंतूंचा उपयोग करून फुफ्फुसाच्या दूरच्या शाखांत शिरणाऱ्या यंत्रचालित नळीचा आकार वैद्याला पडद्यावर दाखवणारी उपकरणे आज रुग्णालयांत वापरली जातात.

५. हेलिऑसचा धडा

आकाराचे ज्ञान ही केवळ कुतूहलाची बाब नव्हे, हे २६ जून २००३ रोजी हवाई बेटांतील कवाई बेटाजवळ दिसून आले. नासासाठी एरोव्हायरनमेंट कंपनीने बांधलेले ‘हेलिऑस’ हे मानवरहित विमान म्हणजे शेपूट व धड नसलेला, ७५ मीटर लांबीचा एक अखंड पंखच होता. त्याच्या पृष्ठावरील सौर घटांच्या विजेवर त्याच्या पंख्यांच्या मोटारी चालत. १३ ऑगस्ट २००१ रोजी ते ९६,८६३ फूट उंचीवर पोचले होते. एवढा लांब व हलका पंख उड्डाणात टोकांशी वर उचलला जाऊन धनुष्याकृती होतो; तसा तो व्हावा अशीच योजना होती.

२००३ सालच्या उड्डाणासाठी विमानाची मांडणी बदलली होती आणि मध्यभागी इंधनघटाचा भार टांगला होता. उड्डाणास सुमारे अर्धा तास झाला असता विमान हवेच्या खळबळीत सापडले. पंखाची टोके अपेक्षेपेक्षा अधिक वर उचलली गेली आणि तशीच राहिली. या आकारात विमानाचे नाक वरखाली होऊ लागले, ही डोले वाढतच गेली, वेग मर्यादेबाहेर गेला, पंखावरील आवरण व सौर घट उखडले, आणि विमान समुद्रात कोसळले. मनुष्यहानी झाली नाही.

चौकशी मंडळाने मुख्य दोष विश्लेषणाच्या पद्धतींना दिला. मांडणीतील बदलांमुळे विमान किती नाजूक झाले आहे याचा अंदाज त्या पद्धतींना आला नव्हता. रचना, हवा व नियंत्रण यांचा एकत्रित विचार करणाऱ्या पद्धती हव्यात असे मंडळाने सुचवले. आकार मोजण्याचे साधन असते तर विमान वाचलेच असते, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. लवचिक पंखाच्या बाबतीत आकार हा उड्डाणाचा परिणाम असतो तसाच त्याचे कारणही असतो. पंख वाकला की त्यावरील हवेचे बल बदलते, विमानाचा तोल बदलतो, आणि ज्या आकारासाठी नियंत्रण आखले तो आकारच उरत नाही. अशा विमानाला स्वतःचा आकार क्षणोक्षणी ठाऊक असणे, हे वैमानिकाला वेग व उंची ठाऊक असण्याइतकेच मोलाचे ठरते.

कॅलिफोर्नियातील नासाच्या ड्रायडन केंद्रात (२०१४ पासून आर्मस्ट्राँग केंद्र) विल्यम को, लान्स रिचर्ड्स व ट्रॅन यांनी २००७ साली जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत प्रथम हेलिऑसच्या पंखाचाच नमुना घेतला होता. मागे दिलेल्या पट्टीच्या उदाहरणात जाडी सर्वत्र सारखी व विकृतीही सारखी धरली होती. खरा पंख बुंध्याशी जाड व टोकाशी पातळ असतो, आणि विकृती जागोजागी बदलते. को यांनी पंखाचे लांबीच्या दिशेने लहान लहान खंड पाडले, प्रत्येक खंडात जाडी व विकृती समप्रमाणात बदलतात असे धरले, आणि एका खंडाचा शेवट हा पुढील खंडाचा आरंभ मानून बुंध्यापासून टोकापर्यंत आकार जोडत नेला. ही बेरीज संगणक उड्डाण चालू असतानाच करू शकतो. २००८ साली ‘इखाना’ या मानवरहित विमानाच्या पंखांच्या वरच्या पृष्ठावर केसासारखे सहा तंतू चिकटवून उड्डाणे करण्यात आली. त्या सहा तंतूंनी विकृतीची दोन हजारांहून अधिक मोजमापे उड्डाणातच दिली. विद्युत् मापकांनी हेच करावयाचे तर हजारो तारा लागल्या असत्या.

पंखापेक्षा रुंद व पत्र्यासारख्या रचनांना हा पट्टीचा हिशेब पुरत नाही, कारण त्या दोन दिशांनी एकाच वेळी वाकतात. त्यांच्यासाठी लँगली केंद्रातील टेसलर व स्पँगलर यांनी निराळी रीत बसवली. तीत पृष्ठाचे लहान घटक पाडून, मोजलेल्या विकृतींशी सर्वांत जवळून जुळेल असा आकार शोधला जातो.

६. पाय कोठे घसरतो

पहिली अडचण उष्णतेची. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की जालकाची तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते. म्हणजे एक अंश उष्णता ही आठ दशलक्षांश विकृतीचे सोंग घेते. वरच्या व खालच्या दोन्ही पृष्ठांवर तंतू लावून त्यांची वजाबाकी केली तर दोहोंना सारखी लागलेली उष्णता निघून जाते. पण ऊन वरच्या पृष्ठावरच पडते. मागील पट्टीचा वरचा भाग खालच्याहून ५ अंशांनी अधिक तापला, तर ४० दशलक्षांशांचा खोटा फरक दिसेल आणि टोक २ सेंटीमीटर ढळल्याचा भास होईल. उष्णतेने पट्टी खरोखर थोडी वाकतेही, ती गोष्ट वेगळी; खरे वाकणे आणि हा भास यांची फारकत करावी लागते. त्यासाठी शेजारी बारीक नळीत एक मोकळा तंतू ठेवतात. त्याला ताण पोचत नाही, केवळ उष्णता पोचते. रामन परिणामाचाही येथे उपयोग होतो. रामन यांनी १९२८ साली दाखवलेल्या या प्रकीर्णनातील एका घटकाची तीव्रता तापमानावर अवलंबून असते, आणि त्यावरून तंतूच्या लांबीभर तापमान वाचता येते.

दुसरी अडचण पिळाची. तीन गाभ्यांचा तंतू स्वतःभोवती पिळला गेला तर जो गाभा वर होता तो बाजूला जातो. बाक किती हे बरोबर मोजले जाते, पण तो चुकीच्या दिशेस मांडला जातो, आणि तेथून पुढचा सगळा आकार भलतीकडे वळतो. गाभे अक्षाला समांतर असतील तर उजवा पीळ असो वा डावा, त्यांना सारखेच व नाममात्र ताणतो. दिशा कळत नाही. म्हणून बाहेरचे गाभे दोरीच्या पदरांप्रमाणे मधल्या गाभ्याभोवती आधीच वळवून काच ओढतात. मग एका दिशेचा पीळ त्यांना लांबवतो व विरुद्ध दिशेचा आखडवतो, आणि मधल्या गाभ्याशी तुलना करून पीळ कळतो.

तिसरी अडचण चुकीच्या वाढीची. मागील पट्टीत सर्वत्र केवळ एक दशलक्षांश चूक एकाच बाजूने झाली तर टोकाशी १ मिलिमीटरची चूक येते. पट्टी २० मीटर असती तर तीच चूक ४ मिलिमीटर झाली असती. कारण दोनदा बेरीज केल्यामुळे चूक लांबीच्या वर्गाने वाढते. कधी कमी, कधी अधिक अशा यादृच्छिक चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेदतात. एकाच बाजूच्या चुका मात्र साठत जातात. आणि तंतू मधल्या थराच्या जितका जवळ तितकी ही चूक भयंकर होते. अनेक गाभ्यांच्या तंतूत हे अंतर ३५ मायक्रोमीटर धरले, तर तेथे एक दशलक्षांशाची चूक एका मीटरच्या अंतरातच टोकाला सुमारे १४ मिलिमीटरने ढळवते. फुफ्फुसातील नळीच्या बाबतीत हा फरक नगण्य म्हणता येत नाही. म्हणून अशा उपकरणांत विकृती एका दशलक्षांशाहून पुष्कळच सूक्ष्म मोजावी लागते.

चौथी अडचण बुंध्याची, आणि ती तत्त्वाचीच आहे. दोनदा समाकलन केले की दोन स्थिरांक बाहेरून पुरवावे लागतात : आरंभाचे स्थान व आरंभाचा कल. ते तंतूला कळत नाहीत. पुलाचा खांब न वाकता तसाच खाली खचला, तर खांबावर विकृती येत नाही आणि त्यावरील तंतू काहीच बोलत नाही. सर्व ठीक आहे असे ते मौन नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मोठ्या बांधकामात तंतूच्या जोडीला निदान काही ठिकाणी बाहेरून, जुन्या रीतीने, स्थान मोजावेच लागते.

शेवटची अडचण साधीशी पण नेहमीची : चिकटवण्याची. रचना ताणली आणि गोंद काळाने सैल पडला, तर तंतू आपला आखडून बसतो व रचना निवांत आहे असे सांगतो. १९९३ साली कॅनडातील कॅलगरी येथे बेडिंग्टन ट्रेलवरील पुलात अशी जालके बांधतानाच बसवण्यात आली, तेव्हापासून पूल, धरणे व बोगदे यांत तंतू घालण्याचा अनुभव जमा होत आला आहे. किलोमीटरच्या लांबीसाठी बहुधा ब्रिल्वाँ प्रकीर्णनाची रीत वापरतात. तीत तंतूतील ध्वनिलहरींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता विकृतीप्रमाणे सरकते. अचूकता व बारकावा जालकांहून कमी, पण एकच तंतू संपूर्ण बोगदाभर पुरतो.

७. समारोप

सारांश, प्रकाशतंतू स्वतः फारच थोडे सांगतो : अमुक ठिकाणी अमुक इतका ताणलो किंवा आखडलो. बाक, कल, आकार ही सर्व त्या विधानाची वृत्ती व भाष्ये आहेत, आणि प्रत्येकात काही गृहीत धरलेले असते. मधला थर कोठे आहे, उष्णता किती आहे, तंतू पिळला आहे का, बुंधा जागेवर आहे का, गोंद धरून आहे का. ही गृहीते उघडपणे मांडली व तपासली तर काचेच्या सुतावरून पंखाचा आकार सांगता येतो, आणि तो विश्वासाने सांगता येतो. ती न तपासता पडद्यावर उमटलेली सुबक वक्ररेषा प्रमाण मानली, तर मात्र सुताच्या जोरावर स्वर्ग गाठण्याचाच तो प्रकार होईल. या साधनाचा वापर पूल, विमान व शस्त्रक्रिया या तिन्ही क्षेत्रांत वाढत असता, त्याच्या आकड्यांवर निर्णय घेणाऱ्यांनी तंतूने मोजलेले काय आणि गणिताने मिळवलेले काय, हा भेद कायम ध्यानी ठेवणे इष्ट होय.